बियाण्यासोबतचा कागद नेमकी कशाची हमी देतो?

२०२० च्या जुलैमध्ये अमेरिकेत असंख्य लोकांच्या टपालपेटीत न मागवलेली बियांची पाकिटं येऊन पडली. पाकिटांवर बहुतेक चीनमधल्या टपालाचे शिक्के होते. आत काय आहे या रकान्यात कुठे दागिने लिहिलेलं, कुठे खेळणी, आणि फोडून पाहावं तर बी. अमेरिकेच्या कृषी खात्याने लगेच सांगितलं की पेरू नका, कचऱ्यातही टाकू नका, आमच्याकडे पोचवा. तपासणीत कोबी, मोहरी, पुदिना, गुलाब, जास्वंद अशी ओळखीचीच नावं निघाली. पाठवणाऱ्यांचा डाव शेती बुडवण्याचा असल्याचा काही पुरावा मिळाला नाही. ऑनलाइन बाजारात खोट्या ऑर्डरी दाखवायच्या आणि ग्राहकाच्या नावाने स्वतःच कौतुकाचे अभिप्राय लिहायचे, असा तो प्रकार असावा असा निष्कर्ष निघाला.

साध्या कोबी-पुदिन्याच्या बियांसाठी एवढी धावपळ का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. कारण त्या बिया कुठल्या शेतात तयार झाल्या, त्या शेतात कोणता रोग होता, कुणी पाहिलं होतं का, यातलं काहीच कळायला मार्ग नव्हता. कोबीचं बी कोबीचंच आहे हे डोळ्यांना दिसतं. त्याच्या टरफलावर किंवा पोटात काय बसलं आहे ते दिसत नाही. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या बियाण्याबरोबर जो सरकारी कागद लागतो, तो याच न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल असतो. त्या कागदावर लोक एक तर आंधळा विश्वास ठेवतात, नाही तर त्याला निव्वळ कटकट मानतात. दोन्ही चूक आहे, असं माझं मत आहे.

धान्य आणि बियाणं यांत फरक काय?

दाणा तोच, पण तो पुढे कुठे जाणार यावर धोका ठरतो. गहू गिरणीत गेला की त्याच्यावरची बुरशी सहसा तिथेच संपते. तोच गहू पेरला तर बुरशीला ओल मिळते, ऊब मिळते, आजूबाजूला त्याच पिकाची हजारो रोपं मिळतात आणि त्या रोपांची रोज निगा राखणारा माणूसही मिळतो. म्हणून एकच दाणा खाण्यासाठी आणताना एक नियम असतो आणि पेरण्यासाठी आणताना त्याहून कडक.

अर्थात खाण्याचा माल म्हणून आलेलं धान्य कधी कधी शेतात पोचतंच. गव्हावरचा ब्लास्ट, म्हणजे करपा, १९८५ मध्ये ब्राझीलच्या पराना राज्यात पहिल्यांदा दिसला आणि तीस वर्षं दक्षिण अमेरिकेतच राहिला. २०१६ मध्ये तो अचानक बांगलादेशात उगवला आणि पहिल्याच हंगामात सुमारे १५,००० हेक्टर गव्हाला त्याने ग्रासलं. २०१८ मध्ये तो आफ्रिकेत, झांबियात सापडला. शास्त्रज्ञांनी तिन्ही ठिकाणच्या बुरशीची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा आशियातली आणि आफ्रिकेतली बुरशी दक्षिण अमेरिकेतल्या एकाच वंशातली निघाली, आणि दोन्हीकडे ती स्वतंत्रपणे पोचली होती. मध्ये महासागर आहेत. वाऱ्याने एवढा पल्ला गाठला असेल असं कुणी म्हणत नाही, संशय आहे तो व्यापारात फिरणाऱ्या दाण्यावर.

बियाण्याचा आणखी एक गुण इथे अवगुण ठरतो. ते लहान असतं आणि टिकतं. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या सुमारे ३०० बिया मावतात. एक किलोच्या पिशवीतून तीन लाख रोपं तीन खंडांत पसरू शकतात, आणि पिशवी थंड, कोरड्या जागी ठेवली तर चार वर्षांनीसुद्धा.

हे नियम ठरवतं कोण?

द्राक्षाच्या मुळांवर जगणारा फायलॉक्सेरा नावाचा माव्यासारखा बारीक कीटक एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून युरोपात गेला आणि १८६० च्या दशकापासून त्याने फ्रान्सचे द्राक्षमळे पोखरले. शेजारच्या देशाने काळजी घेतली नाही तर आपल्या काळजीचा उपयोग नाही, हे तेव्हा सगळ्यांना कळून चुकलं. १८७८ मध्ये काही युरोपीय देशांनी बर्न शहरात एकत्र येऊन फायलॉक्सेराविरुद्ध करार केला. वनस्पतींच्या आरोग्यासाठी देशादेशांत झालेला हा पहिला करार.

आजचा मुख्य करार आहे १९५१ चा आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली त्याचं काम रोममधून चालतं आणि १८० हून जास्त देश त्यात आहेत. प्रत्येक देशाने आपली एक अधिकृत संस्था नेमायची आणि बाहेरच्या देशांशी या विषयावरचा व्यवहार तिनेच करायचा, अशी रचना आहे. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, तेव्हा तिने या कराराच्या मानकांना व्यापारातला आधार म्हणून मान्यता दिली.

करारात कीड हा शब्द फार मोठ्या अर्थाने येतो. कीटक, बुरशी, जिवाणू, विषाणू, सूत्रकृमी आणि तणसुद्धा त्यात मोडतं. पुढे मीही तो त्याच अर्थाने वापरतो आहे. दुसरी संज्ञा आहे क्वारंटाइन कीड. जी कीड आपल्या देशात नाही, किंवा थोड्या भागात आहे आणि सरकार तिला अधिकृतपणे आवर घालत आहे, आणि जी पसरली तर मोठं आर्थिक नुकसान होईल, ती क्वारंटाइन कीड. जी कीड आपल्याकडे गल्लोगल्ली पसरली आहे आणि जिच्यासाठी आपण काहीच करत नाही, ती तुमच्या मालात नको असं परक्या देशाला सांगण्याचा हक्क या व्याख्येमुळे राहत नाही.

यादी आयात करणारा देश ठरवतो. पण ठरवताना त्याने शास्त्रीय कारण द्यावं लागतं. कीड येण्याची शक्यता किती, आली तर तगेल का, पसरेल का, नुकसान किती करेल, याचा लेखी अभ्यास करावा लागतो.

कागदावर काय असतं आणि काय नसतं

या कागदाचं पूर्ण नाव फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. धंद्यातली माणसं नुसतं फायटो म्हणतात. तो निर्यात करणाऱ्या देशाची सरकारी संस्था देते. बियाणं कंपनीला स्वतःचा फायटो स्वतः लिहिता येत नाही. त्यावर पिकाचं शास्त्रीय नाव, वजन, पोत्यांची किंवा पेट्यांची संख्या आणि खुणा, माल कुठे पिकला, कुठल्या बंदरातून किंवा विमानतळावरून आत जाणार, हे असतं. मग एक ठरलेलं विधान येतं. त्याचा आशय असा की मालाची अधिकृत पद्धतीने पाहणी किंवा चाचणी झाली आहे, आयात करणाऱ्या देशाने सांगितलेल्या क्वारंटाइन किडींपासून तो मुक्त मानला आहे आणि त्या देशाच्या सध्याच्या अटींत तो बसतो.

पिकाला होऊ शकणाऱ्या सगळ्याच रोगांचा तिथे उल्लेख नाही. घेणाऱ्याने ज्या किडींची नावं घेतली, फक्त त्यांच्याबद्दल ते विधान आहे. म्हणजे एकाच लॉटचे (एकत्र तयार झालेल्या, एकच क्रमांक असलेल्या बियाण्याच्या साठ्याचे) दोन भाग दोन देशांना गेले तर दोन फायटोंमागे दोन वेगवेगळ्या याद्या असू शकतात. काही देश त्यापुढे जाऊन अतिरिक्त घोषणापत्र मागतात. बीजोत्पादनाच्या शेतात वाढीच्या काळात अमुक रोग आढळला नाही, किंवा लॉटचा नमुना अमुक विषाणूसाठी तपासला आणि तो सापडला नाही, अशी नेमकी वाक्यं त्यात येतात. खरी मेहनत या दोन-तीन ओळींसाठी होते.

फायटोची आणखी दोन कागदांशी नेहमी गल्लत होते. उगवण क्षमता किती, काडीकचरा आणि इतर बी किती, हे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघाचं नारिंगी प्रमाणपत्र सांगतं. वाण खरोखर तोच आहे का, त्यात दुसऱ्या वाणाची भेसळ नाही ना, हे ओईसीडी या देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या, १९५८ पासून चालू असलेल्या बीज योजनांची लेबलं सांगतात. पायाभूत बियाण्याला पांढरं, पहिल्या पिढीच्या प्रमाणित बियाण्याला निळं, पुढच्या पिढीला लाल. ९५ टक्के उगवणारं, शंभर नंबरी शुद्ध वाणाचं बी रोगट असू शकतं, आणि रोगमुक्त बी उगवेलच असं नाही.

टोमॅटोच्या एका विषाणूची गोष्ट

गेल्या काही वर्षांत या सगळ्या यंत्रणेची कसोटी पाहिली ती टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरसने. २०१४ मध्ये इस्राएलमध्ये आणि २०१५ मध्ये जॉर्डनमध्ये हरितगृहांतल्या टोमॅटोवर तो दिसला. पानं चुरगळतात, अरुंद होतात, फळावर पिवळे-तपकिरी डाग पडतात, साल खरबरीत होते. असं फळ बाजारात कुणी घेत नाही. धक्कादायक भाग असा की ही झाडं रोगप्रतिकारक वाणांची होती. या विषाणूच्या भाऊबंदांना टोमॅटोतलं एक प्रतिकारक जनुक कित्येक दशकं रोखून धरत होतं, नव्या विषाणूने ते ओलांडलं.

रुगोजला कुठल्या किड्याची वाट पाहावी लागत नाही. हात, कात्री, कपडे, दोरा, क्रेट, ज्याला रोगट झाडाचा रस लागला ते सगळं त्याचं वाहन. बियांमध्ये तो मुख्यतः टरफलात असतो, आतल्या कोंबात नाही. त्यामुळे रोगट बीपासून रोगट रोप निघण्याचं प्रमाण कमी आहे, अभ्यासांमध्ये ते तीन टक्क्यांच्या आत आलं आहे.

ऐकायला दिलासादायक वाटतं, पण हिशेब करून पाहू. हरितगृहात हेक्टरी साधारण २५,००० झाडं धरा. बियाण्याच्या लॉटमध्ये हजारात एक बी रोगट असेल तर २५ रोगट बिया आल्या. त्यातल्या तीन टक्क्यांतून रोग रोपात उतरला तर हेक्टरी एखादं झाड, तेही येईल न येईल. मात्र रोपवाटिकेत त्या एका रोपाला हात लागतो, तोच हात पुढच्या ट्रेला लागतो. मग लागवड, सुतळीने बांधणं, बगलफूट खुडणं, पानं काढणं, तोडणी. हरितगृहातल्या टोमॅटोला हंगामभर माणसाचा हात लागतच राहतो. एक झाड पुरतं.

म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघ आणि अमेरिका या दोघांनीही तातडीचे नियम लागू केले आणि आयात बियाण्याला चाचणी सक्तीची झाली. तरीही विषाणू पसरतच गेला. युरोपात तो इतक्या देशांत पोचला की १ जानेवारी २०२५ पासून संघाने त्याला क्वारंटाइन किडींच्या यादीतून काढून दुसऱ्या वर्गात टाकलं. या वर्गातली कीड देशात आहे हे मान्य असतं, मात्र पेरण्याच्या बियाण्यात आणि लावायच्या रोपांत ती नको अशी अट कायम राहते. काही जणांना ही माघार वाटली. मला ती प्रामाणिक कबुली वाटते. जे घरात आलं आहे ते बाहेर आहे असं धरून नियम चालवण्यात अर्थ नव्हता.

३,००० बिया तपासल्या, मग खात्री का नाही?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण हंडीतला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो. बियाण्याच्या लॉटमध्ये रोग असा सारखा पसरलेला नसतो. हजार बियांत एक रोगट, बाकी ९९९ निरोगी. मूठभर बी घेतलं आणि त्यात ती एक आली नाही, तर लॉट स्वच्छ दिसतो.

म्हणून किती बिया तपासायच्या याचं गणित आहे. भाजीपाला बियाण्याच्या विषाणू चाचणीत ३,००० हा आकडा वारंवार येतो. लॉटमध्ये हजारी एक बी रोगट असेल तर ३,००० बियांच्या नमुन्यात निदान एक रोगट बी सापडण्याची शक्यता ९५ टक्के येते. पाच टक्के वेळा ती निसटते. रोगट बियांचं प्रमाण दहा हजारांत एक असेल तर तोच ३,००० बियांचा नमुना चारपैकी तीन वेळा चुकतो. म्हणजे नमुन्यात विषाणू आढळला नाही याचा खरा अर्थ, असलाच तर बहुधा हजारी एकापेक्षा कमी आहे. दहा लाख बियांच्या लॉटमध्ये हजारी एक म्हणजे एक हजार रोगट बिया, हेही लक्षात ठेवायला हवं.

प्रत्येक देश हा धोका किती पत्करायचा ते आपापलं ठरवतो. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीमध्ये २०१४ साली कलिंगडाच्या पिकात काकडीवर्गीय पिकांचा एक विषाणू सापडला. त्यानंतर त्या देशाने या वर्गातल्या अनेक पिकांच्या आयात बियाण्याला ९,४०० बियांची चाचणी लावली. आकडा वाढवला की निसटण्याची शक्यता घटते, खर्च वाढतो आणि तपासलेलं बी परत पेरता येत नाही, कारण ते चाचणीसाठी दळलं जातं. व्यापारी लॉटमध्ये लाखो बिया असतात तिथे हे चालून जातं. नवं वाण घडवणाऱ्या पैदासकाराकडे नव्या ओळीच्या, म्हणजे त्याने जोपासलेल्या नव्या वंशाच्या, ४०० बिया असतील, किंवा एखाद्या बीजपेढीला दुर्मिळ वाणाच्या दोनशे बिया दुसऱ्या देशात पाठवायच्या असतील, तर चाचणी करायची म्हणजे बियाणंच संपवायचं. अशा वेळी आईझाडाची पानं तपासणं, नमुना छोटा घेणं, किंवा आलेलं बी बंदिस्त जागेत एक हंगाम वाढवून पाहणं असे मार्ग काढावे लागतात. आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रांनी तर देवाणघेवाणीच्या बियाण्यासाठी खास आरोग्य तपासणी विभागच ठेवले आहेत.

उलट्या बाजूची अडचणही आहे. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय तुकड्याला ओळखते, तो विषाणू जिवंत आहे की मेलेला हे तिला कळत नाही. बियांवर प्रक्रिया करून विषाणू निकामी केला असला तरी चाचणी होकार देऊ शकते. म्हणून काही ठिकाणी दुसरी पायरी ठेवतात. बियांचा अर्क तंबाखूवर्गीय रोपाच्या पानावर चोळायचा आणि काही दिवसांत डाग उठतात का ते पाहायचं. डाग उठले तर विषाणू जिवंत. ही पायरी मानायची की नाही यावरून देशादेशांत मतभेद आहेत आणि त्यात चांगले लॉट अडकून पडतात.

मग सगळं बी औषधाने धुऊनच का घेत नाहीत?

घेतात, जिथे जमतं तिथे. टरफलावर बसलेल्या रुगोजसारख्या विषाणूवर आम्ल किंवा ट्रायसोडियम फॉस्फेटची प्रक्रिया चालते. कोबीवर्गीय बियांतल्या जिवाणूसाठी ५० अंश सेल्सियसच्या पाण्यात सुमारे २५ मिनिटं बुडवण्याची पद्धत जुनी आहे. पण तापमान दोन-चार अंश चढलं की कोंब मरतो, दोन-चार अंश उतरलं की जिवाणू वाचतो. कोंबाच्या आत शिरलेल्या विषाणूपर्यंत तर कुठलंच द्रावण नीट पोचत नाही. कोणतीही प्रक्रिया केली तरी नंतर उगवण पुन्हा तपासावी लागते.

सगळ्यात कच्चा दुवा: बियाण्याचा प्रवास

ही यंत्रणा उभी राहिली तेव्हा मनात चित्र होतं ते एका देशात पिकलेला माल दुसऱ्या देशात जाण्याचं. बियाण्याचा धंदा आज तसा चालत नाही. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या नर आणि मादी ओळी थायलंड किंवा पेरूमध्ये संकरासाठी जातात, बी परत नेदरलँड्सला येतं, तिथे स्वच्छता, प्रतवारी, लेपन होतं आणि मग ते मेक्सिकोला किंवा मोरोक्कोला विकलं जातं. उत्तर गोलार्धात थंडी असताना एक पिढी वाढवून वर्ष वाचवायचं म्हणून चिली आणि न्यूझीलंडमध्ये मोठं बीजोत्पादन चालतं. एक बी बाजारात येण्याआधी अनेक सीमा ओलांडतं.

आता अतिरिक्त घोषणापत्रातली ती ओळ आठवा: वाढीच्या काळात शेतात रोग आढळला नाही. ही पाहणी पीक उभं असतानाच होऊ शकते. पेरूतल्या शेतात निरीक्षक गेला तेव्हा हे बी पुढे मोरोक्कोला जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं, कंपनीलाही नाही. २०१७ मध्ये काढलेलं बी गोदामात असताना २०१९ मध्ये नवा नियम आला, तर त्या शेतात तो विषाणू कुणी शोधलाच नव्हता. पीक कापून झालं, पाहणी मागे जाऊन करता येत नाही. मग उरते फक्त प्रयोगशाळेतली चाचणी, तिच्या मर्यादा वर पाहिल्याच.

पुन्हा निर्यात करणारा देश वेगळं प्रमाणपत्र देतो आणि मूळ देशाचा फायटो किंवा त्याची साक्षांकित प्रत सोबत जोडतो. पण मूळ फायटो दुसऱ्याच देशाच्या यादीसाठी लिहिलेला असतो. पाच टनांचा लॉट फोडून चाळीस देशांना पाठवला की एका मूळ कागदाच्या चाळीस प्रती फिरू लागतात.

या गुंत्यासाठी करारातल्या देशांनी २०१७ मध्ये फक्त बियाण्यासाठीचं मानक क्रमांक ३८ मंजूर केलं. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग म्हणजे बीबरोबर येणारी कीड आणि बीमधून रोपात उतरणारी कीड यांच्यात केलेला फरक. काही जिवाणू बियांवर सापडतात, तरी त्या बीपासून रोगट रोप कधीच उगवत नाही. अशा किडीसाठी बियाणं अडवणं व्यर्थ. काही रोपात थेट उतरतात, तिथे कडक राहायलाच हवं. काही आधी मातीत किंवा पाण्यात उतरून मग पिकाला गाठतात. अमरवेलीसारख्या तणाचं बी नुसतं सोबत मिसळून येतं, त्याला चाळणी आणि बारकाईने केलेली पाहणी लागते. प्रत्येक पीक आणि कीड यांच्या जोडीसाठी हा प्रश्न विचारला तर कित्येक अटी गळून पडतील आणि उरलेल्या अटींवर नीट लक्ष देता येईल.

दुसरा विचार आहे तो साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर नजर ठेवण्याचा. आईबाप ओळींचं बी तपासलेलं, हरितगृहात शिरताना कपडे आणि हत्यारं बदललेली, पीक उभं असताना ठरावीक दिवसांनी पाहणी, रोगट झाड उपटल्याची नोंद, काढणीनंतर प्रक्रिया आणि शेवटी नमुना चाचणी. यातला एकही टप्पा शंभर टक्के नाही. पण एकातून निसटलेलं दुसऱ्यात अडकतं, आणि सरकारी यंत्रणा वर्षभर या कामाचं परीक्षण करते. बंदरावर उघडलेल्या पोत्यापेक्षा हे मला कितीतरी भरवशाचं वाटतं.

हा परदेशी माल अडवण्याचा बहाणा तर नाही?

कधी कधी असतो. ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडचं सफरचंद १९२१ मध्ये फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाच्या कारणाने बंद केलं. दशकानुदशकं हा वाद चालला. अखेर २०१० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने ऑस्ट्रेलियाच्या अटींना पुरेसा शास्त्रीय आधार नाही असा निकाल दिला आणि २०११ पासून ते सफरचंद जाऊ लागलं. अमेरिकी सफरचंदावरून जपानही अशाच खटल्यात हरला होता.

तरी सगळ्याच अटींना या मापाने मोजू नये. एखाद्या देशात रोग शिरला की त्याची किंमत तिथल्या शेतकऱ्याला किती पडते, याचं उदाहरण अमेरिकेतच आहे. गव्हाचा कर्नाल बंट हा बुरशीचा रोग १९३१ मध्ये आजच्या हरियाणातल्या कर्नालला प्रथम नोंदला गेला, १९९६ मध्ये तो अ‍ॅरिझोनात सापडला. त्याने उत्पादन फारसं घटत नाही, दाणा मात्र काळा पडतो आणि पिठाला माशासारखा वास येतो. पण गहू घेणारे अनेक देश या रोगापासून मुक्त भागातलाच माल मागत होते. त्यामुळे अमेरिकेला प्रादुर्भावाच्या भागावर बंधनं घालून उरलेला प्रदेश मुक्त आहे हे सिद्ध करत बसावं लागलं. पिकाच्या नुकसानीपेक्षा बाजार जाण्याची भीती मोठी होती.

कागद खोटा निघाला तर?

बनावट शिक्के, खाडाखोड, टपालात अडकलेली मूळ प्रत आणि बंदरावर पडून राहिलेला माल, हे जुने रोग आहेत. त्यावर ई-फायटो आला आहे. एका देशाची सरकारी यंत्रणा दुसऱ्या देशाच्या यंत्रणेला कराराच्या केंद्रातून थेट डिजिटल प्रमाणपत्र पाठवते, मधल्या कुणाच्या हातात तो जात नाही. फायटोची पीडीएफ ईमेल केली म्हणजे ई-फायटो झाला नाही. याने बनावटगिरीला चांगला चाप बसतो. शेतातली पाहणीच झाली नसेल तर मात्र तीच उणीव आता जास्त वेगाने पोचते.

चार बिया मागवायलाही हा कागद लागतो का?

बहुतेक देशांत लागतो. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक वनस्पतीला आणि पेरायच्या बियाण्याला फायटो हवा, मग ते टपालाने येवो की प्रवाशाच्या बॅगेतून. सूट आहे ती अननस, नारळ, ड्युरियन, केळं आणि खजूर या पाच फळांना. अमेरिकेने थोड्या बियांसाठी वाट ठेवली आहे. आधी परवाना काढायचा, एका पाकिटात एकाच जातीच्या जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, एका खेपेत जास्तीत जास्त ५० पाकिटं. बंदी असलेल्या जाती यातही चालत नाहीत. हौशी बागकाम करणाऱ्यांना आणि जुनी वाणं जपणाऱ्यांना हे नियम जाचक वाटतात. त्यांची तक्रार रास्त आहे, कारण एका फायटोचा खर्च दहा टनांवर विभागला जातो तसा दहा पाकिटांवर विभागला जात नाही. अशी छोटी दारं आणखी देशांनी उघडली तर चोरवाटेने येणारं बी कमी होईल, असं मला वाटतं.

प्रमाणित बियाण्यातून रोग आला तर भरपाई कोण देतं?

फायटो देणारं सरकार सहसा देत नाही. अनेक देशांच्या फायटोवर या प्रमाणपत्रामुळे कोणतंही आर्थिक दायित्व येणार नाही, अशी ओळ छापलेलीच असते. सीमेवर रोग सापडला तर आयात करणारा देश माल परत पाठवतो किंवा नष्ट करतो आणि निर्यात करणाऱ्या देशाला तसं अधिकृतपणे कळवतो. शेतात गेल्यावर सापडला तर मामला शेतकरी आणि बियाणं विक्रेता यांच्यात उरतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत कलिंगडाच्या फळावर बियाण्यातून येणारा जिवाणूजन्य डाग पसरला, तेव्हा खटले उभे राहिले आणि काही कंपन्यांनी काही भागांत बियाण्याची विक्रीच थांबवली. कंपन्या आज पाकिटावर हमीच्या मर्यादा बारीक अक्षरांत लिहितात त्यामागे हाही इतिहास आहे.

अशा भांडणात सगळं अडतं ते एका गोष्टीपाशी: हे रोप नेमकं कोणत्या लॉटचं? रोपवाटिकेने दोन लॉट एकाच ट्रेमध्ये पेरले असतील, पाकिटं फेकून दिली असतील, तर रोग बियाण्यातून आला की शेजारच्या शेतातून, हे कुणालाच दाखवता येत नाही. त्यामुळे आयात बियाणं वापरणाऱ्याने रिकामं पाकीट हंगाम संपेपर्यंत ठेवावं, लॉट क्रमांक आणि पेरणीची तारीख लिहून ठेवावी, प्रत्येक लॉटचे ट्रे वेगळे ठेवावेत आणि शक्य असेल तर थोडं बी मूळ पाकिटातच राखून ठेवावं. रोगाचं पहिलं लक्षण दिसताच झाड उपटण्याआधी फोटो काढावा आणि नमुना प्रयोगशाळेत द्यावा, कारण लॉट क्रमांक हातात असेल तरच तिथून मागे गोदामापर्यंत आणि गोदामातून बीजोत्पादनाच्या शेतापर्यंत जाता येतं.